कॉलेजच्या ग्रंथालयाची ऑनलाइन सेवा: नेमके काय मिळते आणि ते घरून का उघडत नाही?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन-नियतकालिकांची सामूहिक वर्गणी सरकारने भरण्याची योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५पासून ती प्रत्यक्षात आली. एन-लिस्ट, शोधगंगा, ओपॅक, कोहा, इन्फेड ही नावे महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आधीपासून ऐकू येतच होती. त्यांत आता आणखी एकाची भर पडली आहे. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला, आणि खरे सांगायचे तर अनेक प्राध्यापकांनाही, यातले काय कशासाठी आहे हे कोणी सलग समजावून सांगितलेले नसते. मग कॉलेजच्या संगणकावर सहज उघडलेला शोधनिबंध संध्याकाळी घरी मोबाईलवर उघडायला जावे तर तो तीस-चाळीस डॉलर मागतो, ग्रंथालयाच्या यादीत मराठी पुस्तकाचे नाव टाकावे तर ‘एकही नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते, आणि ‘आपल्या कॉलेजात काही नाही’ असे म्हणून विद्यार्थी मोकळा होतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्याचा तोटा ज्यांच्याकडे पुस्तक विकत घेण्याचा पर्याय नाही अशा विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त होतो. म्हणून या सेवा आतून कशा चालतात हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

एकाच पडद्यावरच्या तीन वेगळ्या गोष्टी

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर दिसणारी बटणे कितीही असली तरी त्यांच्यामागे मुळात तीनच कामे असतात. पहिले काम यादीचे: ग्रंथालयात काय आहे आणि ते कुठे ठेवले आहे हे सांगणे. दुसरे काम मजकुराचे: पुस्तक, नियतकालिक किंवा प्रबंध प्रत्यक्ष वाचायला देणे. तिसरे काम ओळखीचे: वाचायला आलेली व्यक्ती या महाविद्यालयाचीच आहे ना, याची खात्री करणे. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे. यादीत पुस्तक दिसले म्हणजे ते मोबाईलवर वाचता येईलच असे नाही. मजकूर उपलब्ध असला तरी ओळख पटली नाही तर तो उघडत नाही. आणि ओळख पटूनही यादीत नोंद चुकीची असेल तर समोरच्या कपाटातले पुस्तक सापडत नाही. ‘उघडत नाही’ अशी तक्रार ग्रंथपालांकडे नेताना या तिन्हींपैकी नेमके काय अडले आहे एवढे जरी सांगता आले, तरी निम्मे काम झालेले असते.

यादी: ओपॅक म्हणजे काय?

पूर्वी ग्रंथालयात लहान लहान खणांचे लाकडी कपाट असे आणि प्रत्येक खणात पुस्तकांची तालिकापत्रे ओवलेली असत. त्या तालिकापत्रांची संगणकावरची, कोणालाही शोधता येण्याजोगी आवृत्ती म्हणजे ओपॅक. ती स्वतंत्र वस्तू नसते. पुस्तकांची नोंद, देवघेव, दंड, वर्षअखेरची ग्रंथपडताळणी ही सगळी कामे करणाऱ्या मोठ्या प्रणालीची ती वाचकाला दिसणारी खिडकी असते. आपल्याकडे यासाठी अनेक प्रणाली वापरल्या जातात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राने तयार केलेली ‘सोल’, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’, महाराष्ट्रातल्या खासगी कंपन्यांच्या प्रणाली, आणि गेल्या काही वर्षांत अनेक महाविद्यालयांनी स्वीकारलेली ‘कोहा’ ही त्यांतली प्रमुख नावे.

कोहाची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती आणि नवी विकत घेणे महाग पडत होते. तेव्हा ग्रंथालयाने एका लहान कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, ती जानेवारी २०००मध्ये सुरू झाली आणि तिचा संपूर्ण आराखडा जगाला मोफत खुला करण्यात आला. आज ग्रामीण महाराष्ट्रातले एखादे कला-वाणिज्य महाविद्यालय परवान्याचा एक रुपयाही न देता तीच प्रणाली वापरू शकते. परवाना मोफत असला तरी ती चालवण्यासाठी सर्व्हर, रोजचा बॅकअप आणि जाणकार माणूस लागतो. हा खर्च विसरून केवळ ‘फुकट आहे’ म्हणून घेतलेली प्रणाली पुढे दुर्लक्षित राहू शकते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

ओपॅकवर पुस्तक सापडले की दोन क्रमांक पाहावेत. दाखल क्रमांक हा त्या विशिष्ट प्रतीचा असतो. एकाच पुस्तकाच्या दहा प्रतींचे दहा दाखल क्रमांक असतात. बोधांक हा विषयानुसार जागा सांगणारा क्रमांक असतो आणि तोच पुस्तकाच्या कण्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. बऱ्याच महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे आणि त्यातल्या कथा-कादंबऱ्यांचा ८९१.४६३. हा क्रमांक माहीत असला तर पुस्तकाचे नेमके नाव आठवत नसतानाही आपण योग्य कपाटापुढे जाऊन उभे राहू शकतो.

मराठी पुस्तक कपाटात आहे, पण यादीत सापडत नाही. असे का?

हा प्रश्न मराठी वाचकाचा खास आहे आणि त्यावर जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही, म्हणून येथे थोडे थांबू. संगणक अक्षरे ओळखतो ती त्यांच्या ठरावीक संकेतांकावरून. आज सर्वत्र युनिकोड ही संकेतांकांची पद्धत वापरली जाते आणि तिच्यात ‘क’ला जगभर एकच क्रमांक आहे. परंतु महाराष्ट्रातल्या अनेक ग्रंथालयांच्या नोंदी संगणकावर चढल्या त्या काळात श्रीलिपी, सुरेख यांसारखे जुने फॉन्ट प्रचलित होते. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या पोटात एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. विद्यार्थी मोबाईलवरून युनिकोडमध्ये ‘अर्थशास्त्र’ असे टाकतो, नोंदीत मात्र परकी अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि दोघांची भेट होत नाही.

काही महाविद्यालयांनी ही अडचण टाळण्यासाठी मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत नोंदवली. त्यातून दुसरी अडचण निर्माण झाली, कारण ‘भारतीय अर्थव्यवस्था’ हे नाव रोमन अक्षरांत किमान चार-पाच प्रकारे लिहिता येते आणि नोंद करणाऱ्याने कोणता प्रकार वापरला हे शोधणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. एकाच ग्रंथालयात वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या नोंदींत हे प्रकार बदलतात, तेव्हा एका पुस्तकाच्या दोन प्रतीसुद्धा यादीत दोन ठिकाणी जाऊन बसतात.

नोंद युनिकोडमध्ये असली तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ या नावातला ‘ऱ्या’ संगणकावर दोन वेगळ्या मार्गांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण आतले संकेतांक वेगळे असतात आणि प्रणालीला ही समानता शिकवलेली नसेल तर एक लिहिला असता दुसरा सापडत नाही. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’, ‘वाङ्मय’ आणि पाय मोडायचा राहून गेलेले ‘वाङमय’, नावातली आद्याक्षरे जोडून लिहिली की मध्ये जागा सोडून, असे भेद तर रोजचे आहेत. त्यातच १९६२ सालच्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची पुस्तके ‘साधनें’, ‘नाहीं’ अशा अनुस्वारांसह छापलेली असतात. काळजीपूर्वक काम करणारा ग्रंथपाल मुखपृष्ठावर आहे तसेच नाव नोंदवतो आणि आजच्या पद्धतीने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ते मिळत नाही. म्हणजे काळजी घेतल्यामुळेसुद्धा पुस्तक हरवू शकते.

यावर वाचकाच्या हातात काही उपाय आहेत. पूर्ण नाव न टाकता त्यातला एकच, जोडाक्षर नसलेला, ठळक शब्द टाकावा. तो चालला नाही तर लेखकाचे फक्त आडनाव आधी देवनागरीत आणि मग रोमन लिपीत टाकून पाहावे. विषयाचा बोधांक माहीत असेल तर त्यावरून शोधावे. एवढे करूनही सापडले नाही तर पुस्तक नाही असे समजण्यापूर्वी ग्रंथालयातल्या जुन्या कर्मचाऱ्यांना विचारावे, कारण कपाटांची त्यांची आठवण अजूनही यादीपेक्षा अधिक भरवशाची असू शकते.

खरा उपाय मात्र वाचकाच्या हातात नाही. प्रत्येक मराठी पुस्तकाची नोंद देवनागरीत आणि रोमन लिपीत अशी दुहेरी करण्याची सोय ग्रंथालयीन नोंदींच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात आहे, आणि एका ग्रंथालयाने केलेली चांगली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उतरवून घेता येते. एकेका विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत आणि त्यांपैकी कित्येकांत तीच क्रमिक व संदर्भ पुस्तके आहेत. प्रत्येकाने ती आपापल्या परीने, आपापल्या चुकांसह नोंदवण्याऐवजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एकदाच शुद्ध नोंद करून सर्वांना द्यावी, हे तांत्रिकदृष्ट्या आजच शक्य आहे. महागडी यंत्रे घेण्यापूर्वी हे काम व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे, कारण मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने जे पुस्तक सापडत नाही ते विकत घेतलेच नाही असे होते.

बारकोड आणि आरएफआयडी

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. बारकोड म्हणजे दाखल क्रमांकच काळ्या-पांढऱ्या रेघांत लिहिलेला. तो वाचण्यासाठी पुस्तक उघडून त्या रेघा यंत्रासमोर धराव्या लागतात. आरएफआयडी म्हणजे पुस्तकात चिकटवलेली, आत बारीक चिप आणि तारेचे वेटोळे असलेली चिठ्ठी. तिच्यात बॅटरी नसते. जवळच्या यंत्राने सोडलेल्या रेडिओ लहरींवरच ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. त्यामुळे पुस्तकांचा गठ्ठा एकदम वाचता येतो, देवघेव विद्यार्थी स्वतः करू शकतो, नोंद न करता बाहेर नेलेले पुस्तक दारावर ओळखता येते आणि कपाटासमोरून हातातले यंत्र फिरवून ग्रंथपडताळणी उरकता येते. ज्या ग्रंथालयात दिवसभर रांग असते तेथे हा खर्च योग्य ठरतो. जेथे दिवसाला मोजकीच पुस्तके बाहेर जातात तेथे साधा बारकोड पुरेसा असतो आणि वाचलेल्या पैशांत पुस्तके येतात.

मजकूर: ग्रंथालय नेमके काय विकत घेते?

येथे संपूर्ण विषयाची किल्ली आहे. छापील पुस्तक विकत घेतले की ते ग्रंथालयाच्या मालकीचे होते. प्रकाशक बंद पडला तरी ते कपाटात राहते. ऑनलाइन नियतकालिकांच्या बाबतीत ग्रंथालय बहुधा वस्तू विकत घेत नाही, ठरावीक मुदतीसाठी वाचनाचा हक्क घेते. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या एसटी पासाशी हे ताडून पाहावे. पास काढला म्हणून गाडी आपली होत नाही. तो ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या मुदतीत आणि ज्याच्या नावाचा आहे त्यालाच चालतो. वाहकाने विचारले की तो दाखवावा लागतो आणि मुदत संपली की त्याच गाडीत त्याच विद्यार्थ्याला पुन्हा पूर्ण तिकीट पडते. ऑनलाइन सेवांच्या बहुतेक अटी यातून उलगडतात. मार्ग म्हणजे वर्गणीत समाविष्ट असलेली नियतकालिके, मुदत म्हणजे कराराचा काळ आणि ओळखपत्र म्हणजे आपले लॉगिन.

महाविद्यालयांसाठी असा हक्क सामूहिकपणे मिळवण्याची सर्वांत परिचित योजना म्हणजे एन-लिस्ट. ती इन्फ्लिबनेटकडून चालवली जाते आणि पुढे, २०१५मध्ये सुरू झालेल्या ई-शोधसिंधू या व्यापक योजनेचा भाग झाली. एखादे कला महाविद्यालय एकट्याने परदेशी प्रकाशकाची वर्गणी भरू शकत नाही. हजारो महाविद्यालयांच्या वतीने एकच केंद्र बोलणी करते तेव्हा माफक वार्षिक शुल्कात हजारो नियतकालिके आणि लाखाहून अधिक ई-पुस्तके उपलब्ध होऊ शकतात. एन-लिस्टमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र खाते असते आणि ते महाविद्यालयाने उघडून द्यायचे असते. अनेकांना ही सेवा मिळत नाही त्यामागचे कारण कधी कधी एवढेच असते की खाते उघडण्यासाठी ग्रंथालयाला आपला ई-मेल कोणी दिलेलाच नसतो.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा आवाका याहून मोठा आहे. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३००हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असे तिचे घोषित स्वरूप आहे. साधा भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण अकराशे रुपये होतात. तीस-चाळीस डॉलरना मिळणारा एकच निबंध विकत घ्यायचा म्हटले तरी याहून अधिक खर्च येतो. हे पैसे करदात्यांचे आहेत. त्यामुळे या सेवेचा लाभ मागणे म्हणजे ग्रंथालयावर उपकाराचे ओझे टाकणे आहे, असे कोणत्याही विद्यार्थ्याने समजू नये.

मग आपल्या कॉलेजला हे सगळे मिळते का?

सावध वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर ‘असेलच असे नाही’ असे आहे. ही योजना केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी सुरू झाली. राज्य विद्यापीठे आणि शासकीय महाविद्यालये तिच्यात येतात. महाराष्ट्रात मात्र बहुसंख्य महाविद्यालये, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. त्यामुळे एकाच विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी विद्यापीठाच्या विभागात शिकणाऱ्याला हजारो नियतकालिके आणि तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्याला त्यातली काहीच नाहीत, अशी स्थिती निर्माण होऊ शकते. ज्याला विद्यापीठाच्या आवारात जाणे परवडत नाही त्यालाच घरपोच सेवेची अधिक गरज असते, हे पाहता या योजनेचा पुढचा टप्पा अशा महाविद्यालयांपर्यंत पोहोचणे अत्यंत आवश्यक आहे.

तोपर्यंत एक मार्ग उपलब्ध असू शकतो. प्रकाशकांच्या अनेक करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसलेल्या बाहेरच्या वाचकालाही तेथील संगणकावर वाचण्याची मुभा असते. आपल्या ग्रंथपालांचे पत्र घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस जाण्याची परवानगी मागावी. योजनेत फक्त नियतकालिके आहेत, क्रमिक पुस्तके नाहीत, हेही जाताना ध्यानात ठेवावे.

ओळख: कॉलेजात उघडते, घरी का नाही?

इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. महाविद्यालय आपल्या जोडणीचे क्रमांक प्रकाशकाला कळवते आणि त्या क्रमांकावरून आलेल्या प्रत्येकाला प्रकाशकाचे संकेतस्थळ काही न विचारता आत घेते. म्हणून ग्रंथालयाच्या संगणकावर पासवर्ड लागत नाही. घरच्या जोडणीचा क्रमांक वेगळा असल्यामुळे तेथे तोच निबंध पैसे मागतो. यातली एक बाब सहसा कोणी सांगत नाही: कॉलेजच्या वर्गात बसून मोबाईलच्या स्वतःच्या डेटावरून उघडले तरीही निबंध उघडणार नाही, कारण आपण आवारात असलो तरी जोडणी मोबाईल कंपनीची असते. कॉलेजच्या वाय-फायवर यावे लागते.

घरून वाचण्यासाठी इन्फेडसारखी व्यवस्था असते. प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत प्रवेश’ अशा अर्थाचा पर्याय निवडला की आपल्या संस्थेचे नाव विचारले जाते, तेथून आपण संस्थेच्या लॉगिन पानावर जातो, पासवर्ड तेथेच देतो, आणि ‘ही व्यक्ती आमची आहे’ एवढाच निरोप प्रकाशकाकडे पोहोचतो. पासवर्ड प्रकाशकाला कळत नाही. ही व्यवस्था एकदा जमली की पुढे काही अडत नाही, परंतु पहिल्या वेळी संस्थेचे नेमके नाव यादीत कसे लिहिले आहे हे ठाऊक नसल्याने अनेक जण तेथूनच परत फिरतात. ते नाव ग्रंथपालांकडून लिहून घ्यावे.

आपला पासवर्ड मित्राला देणे आणि एखादे साधन लावून शेकडो निबंध एकदम उतरवून घेणे, या दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. असे सामूहिक डाउनलोड आढळले तर प्रकाशक संपूर्ण संस्थेचा प्रवेश काही काळ थांबवू शकतो आणि त्याचा फटका परीक्षेच्या किंवा प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर असलेल्या इतरांना बसतो.

सगळे इंटरनेटवर फुकट मिळते, मग एवढा खटाटोप कशाला?

या आक्षेपात तथ्य आहे. मुक्त प्रवेशाची हजारो नियतकालिके आज कोणालाही वाचता येतात. शोधगंगा या इन्फ्लिबनेटच्या भांडारात भारतीय विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक पीएच.डी. प्रबंध आहेत आणि ते वाचायला लॉगिनसुद्धा लागत नाही. त्यांत मराठीत लिहिलेले प्रबंधही आहेत. आयआयटी खरगपूरने विकसित केलेले आणि १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, तसेच मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ हेही सर्वांना खुले आहे. ग्रंथालयाने विद्यार्थ्यांना आधी ही दारे दाखवावीत आणि मग वर्गणीची, असे मला वाटते.

अडचण वेगळीच आहे. इंटरनेटवर जे सहज मिळते त्यात पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही असतात. त्यांचे नाव आणि मुखपृष्ठ भारदस्त असते, पण आलेला लेख कोणा जाणकाराने तपासलेला नसतो. अशांना वेगळे काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी सुरू केली होती. ती फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले आणि दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का, लेख स्वीकारायला किती दिवस लागतात, शुल्क आधीच स्पष्ट सांगितले आहे का, हे पाहायला शिकवणे हे आता ग्रंथालयाचे काम झाले आहे.

चॅटजीपीटीसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दलही हेच म्हणता येईल. अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला किंवा शोधासाठी शब्द सुचवून घ्यायला ती उपयोगी पडतात. परंतु संदर्भ मागितले तर ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावे, लेखक आणि वर्षे अगदी विश्वासार्ह वाटतील अशी रचून देतात. त्यावरची तपासणी सोपी आहे. बहुतेक शोधनिबंधांना डीओआय नावाचा कायमस्वरूपी क्रमांक असतो आणि तो १०ने सुरू होतो; डीओआय डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर तो टाकला असता नेमका तोच निबंध उघडला पाहिजे. प्रबंध असेल तर तो शोधगंगेत पाहावा. जो संदर्भ स्वतः उघडून पाहिला नाही तो आपल्या प्रकल्पात लिहू नये. वर्गणीतून उतरवलेले निबंध अशा साधनांत चढवण्यास अनेक प्रकाशकांची मनाई असते, हेही माहीत असावे.

साम्यतपासणी: आकड्याचा अर्थ

प्रबंध सादर करण्यापूर्वी ग्रंथालयाकडून साम्यतपासणी होते, म्हणजे त्यातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने पाहिले जाते. हे सॉफ्टवेअर वाङ्मयचौर्य ओळखते असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात ते फक्त जुळणारे शब्द दाखवते; ती चोरी आहे की रीतसर अवतरण, हे माणसालाच ठरवावे लागते. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होऊ शकते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे यातून वगळली जातात.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत जुन्या फॉन्टचा मघाचा प्रश्न येथेही उपस्थित होतो. ज्या फॉन्टमधली अक्षरे सॉफ्टवेअरला वाचताच येत नाहीत त्या मजकुराचे साम्य शून्य आले तरी त्यावरून प्रबंध निर्दोष ठरत नाही. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मराठी संशोधकाच्या कामाला न्याय मिळायचा असेल तर प्रबंध युनिकोडमध्येच लिहिण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी पहिल्या दिवसापासून धरावा.

मग पुस्तकांची कपाटे हवीत कशाला?

कारण वर्गणीतल्या ई-पुस्तकांत आणि नियतकालिकांत इंग्रजीचे प्रमाण फार मोठे आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठीतून समाजशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीला हवे असलेले पुस्तक पुण्या-नागपूरच्या एखाद्या प्रकाशकाने छापलेले असते आणि त्याची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती अनेकदा नसतेच. स्कॅन करून सर्वांना द्यावे म्हटले तर १९५७चा कॉपीराइट कायदा आडवा येतो. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क अबाधित असतात. छापील पुस्तकांच्या तरतुदीला कात्री लावून ‘आता सगळे ऑनलाइन आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा हा विद्यार्थी हिशेबातून वगळला जातो.

एका वाचकवर्गासाठी मात्र कायद्याने वाट मोकळी केली आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकाचे त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात रूपांतर करण्यास लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. दृष्टिबाधित विद्यार्थी २०१६मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासद होऊ शकतात, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत आहे. महाविद्यालयाने एका संगणकावर ते बसवावे आणि नेमलेली पुस्तके स्कॅन करून देण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर सोपवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, तरीही ते अजून सर्वत्र झालेले नाही, याची खंत वाटते.

पदवी मिळाल्यानंतर

‘नो ड्यूज’ची सही झाली की ग्रंथालयातले खाते सहसा बंद होते आणि वर्गणीचे दार मिटते. त्यामुळे शेवटच्या सत्रातच काही कामे उरकून घ्यावीत. वापरलेल्या निबंधांची नावे व डीओआय क्रमांक झोटेरोसारख्या मोफत संदर्भ-व्यवस्थापकात नोंदवून ठेवावेत; तो कॉलेजच्या ई-मेलने उघडला असेल तर खाते वैयक्तिक ई-मेलवर न्यावे. स्वतःच्या अभ्यासासाठी रीतसर उतरवलेले निबंध जपून ठेवावेत. स्पर्धा परीक्षा किंवा पुढील संशोधन करायचे असेल तर माजी विद्यार्थ्यांना अनामत भरून वाचनालयाचे सभासदत्व मिळते का, आणि आवारात बसून ऑनलाइन नियतकालिके वाचता येतात का, हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे. शोधगंगा, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, विश्वकोश आणि मुक्त प्रवेशाची नियतकालिके यांना मुदत नाही. ती नंतरही तशीच उघडतात.